निवडणुकीसाठी देणगी: कायद्याने किती, कशी आणि कोणाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओळखीच्या एक ताई विधानसभेला उभ्या राहत आहेत, त्यांच्या कामावर तुमचा विश्वास आहे आणि तुम्हाला त्यांना पैशाने मदत करायची आहे. एका व्यक्तीने किती द्यायचे याला कायद्यात मर्यादा आहे का, रोख चालेल का, करात सूट मिळेल का, स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतून दिले तर काय, आणि परदेशातला भाऊ हातभार लावू शकतो का? उमेदवारांचे निवडणूक खर्चाचे हिशेब लावणं आणि पक्षांची लेखापरीक्षणं करणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. या प्रश्नांची अर्धवट उत्तरं ऐकून भल्या माणसांना अडचणीत येताना मी पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. भारतात एका व्यक्तीने उमेदवाराला किंवा राजकीय पक्षाला जास्तीत जास्त किती रुपये द्यावेत याला कायद्यात कमाल मर्यादा नाही. एक हजार द्या, एक लाख द्या, एक कोटी द्या, रक्कम मोठी आहे एवढ्याच कारणाने ती देणगी बेकायदा ठरत नाही. 'वीस हजारांच्या वर देता येत नाही', 'दोन हजारांची मर्यादा आहे' हे जे तुमच्या कानावर आलंय त्यातले आकडे खरे आहेत, पण ते वेगळ्याच गोष्टींचे आहेत. कायदा रक्कम मोकळी सोडतो आणि बाकी बरंच बांधतो: पैसे कोण देतं, कोणत्या मार्गाने देतं, त्याची नोंद कुठे होते आणि उमेदवार त्यातले किती खर्च करू शकतो.

सगळ्यात मोठी गफलत होते ती उमेदवार आणि पक्ष यांना एकच समजण्यात. तुम्ही ताईंना देता तेव्हा तो पैसा एका व्यक्तीला दिलेला असतो. पक्षाला देता तेव्हा तो लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली नोंदलेल्या संघटनेला दिलेला असतो. दोन्हींचे नियम निराळे, कराचा हिशेब निराळा आणि गैरप्रकार झाला तर परिणामही निराळे. कार्यकर्ते बोलताना 'पक्षाला द्या नाहीतर साहेबांना द्या, सारखंच' म्हणतात. कागदावर ते अजिबात सारखं नाही.

आधी उमेदवाराचं घेऊ, कारण तुमचा कल तिकडे दिसतो.

प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. ते त्याच्या एकट्याच्या नावावर किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त असू शकतं. नवरा, बायको, मुलगा यांच्यासोबत संयुक्त खातं चालत नाही. निवडणुकीचा सगळा पैसा, अगदी स्वतःच्या खिशातला सुद्धा, आधी या खात्यात यायचा आणि मग तिथून खर्च व्हायचा. निवडणूक प्रक्रियेच्या काळात कोणा एका व्यक्तीकडून किंवा संस्थेकडून दहा हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी किंवा कर्ज रोखीने घ्यायचं नाही, ही निवडणूक आयोगाची सूचना २०१८ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधी हा आकडा वीस हजार होता. म्हणजे तुम्हाला पंचवीस हजार द्यायचे असतील तर धनादेश लिहा किंवा याच खात्यात ऑनलाइन पाठवा. ताईंच्या रोजच्या बचत खात्यावर पाठवू नका, कार्यकर्त्याच्या मोबाइल क्रमांकावर तर मुळीच नको.

हा पैसा पुढे कसा नोंदला जातो ते समजून घ्या, कारण तुमचं नाव त्यात येणार आहे. उमेदवाराला रोजच्या हिशेबाची एक नोंदवही मिळते. तिच्यात पांढरी पानं दैनंदिन खर्चाची, गुलाबी रोख व्यवहाराची आणि पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक ही वही किमान तीनदा तपासतात, आणि निवडणूक यंत्रणा स्वतःची एक समांतर नोंदवहीही ठेवत असते. निकालानंतर तीस दिवसांत संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि त्यात पैसा कुठून आला याचे तीन भाग करावे लागतात: स्वतःचा, पक्षाचा आणि इतरांचा. तुमची देणगी तिसऱ्या भागात, नावासह. हा हिशेब कोणीही ठरलेलं शुल्क भरून पाहू शकतो. आपण कोणाला किती दिले हे शेजाऱ्याला कळलेलं चालणार नसेल, तर हा विचार देण्याआधीच करा.

मग ताई किती खर्च करू शकतात? इथे मात्र पक्की मर्यादा आहे. जानेवारी २०२२ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९० बदलून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपये ठरवले गेले. लहान राज्यांत आणि काही केंद्रशासित प्रदेशांत हेच आकडे २८ लाख आणि ७५ लाख आहेत. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकाल जाहीर होण्याच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेला किंवा मंजूर केलेला सगळा खर्च यात येतो. आधी छापून ठेवलेली पत्रकं या काळात वाटली तर त्यांची किंमतही धरली जाते. मर्यादा ओलांडणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचार आहे. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. हिशेबच दिला नाही किंवा नीट दिला नाही तर कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते. हिशेब वेळेत दिला म्हणजे सुटलो असं पूर्वी अनेकांना वाटायचं. पण अशोक चव्हाणांच्या भोकरच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केलं, की दिलेला हिशेब खरा आहे की नाही हेही आयोग तपासू शकतो.

(पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांबद्दल कोणी विचारलं तर लक्षात ठेवा, खर्चाचं हे प्रकरण फक्त लोकसभा आणि विधानसभेला लागू आहे. विधान परिषदेला खर्चाची मर्यादाच नाही. मला ही मोठी उणीव वाटते. महापालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या मर्यादा राज्य निवडणूक आयोग वेगळ्या ठरवतो.)

थोडक्यात, तुमच्या देणगीवर थेट मर्यादा नसली तरी चाळीस लाखांच्या पुढचा पैसा ताईंना कायदेशीरपणे प्रचारात वापरताच येत नाही. शिवाय एक कराचा मुद्दा आहे, जो बहुतेक उमेदवारांनाही ठाऊक नसतो. पक्षाला मिळणाऱ्या देणग्यांना प्राप्तिकरातून सूट आहे, उमेदवाराला नाही. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली, तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. उमेदवाराच्या खात्यात जमा झालेल्या देणग्यांना या तरतुदीतून वेगळी वाट दिलेली नाही. तुमच्यासारख्या दहा जणांनी वीस-वीस हजार दिले तर दोन लाखांवर कर लागू शकतो, आणि नोटीस येते तेव्हा निवडणूक होऊन दोन वर्षं गेलेली असतात. ताईंच्या कर सल्लागाराला हे आधीच सांगून ठेवा. तुमच्या बाजूने पाहिलं तर उमेदवाराला दिलेल्या पैशावर तुम्हाला करात एक रुपयाचीही वजावट मिळत नाही.

आता जे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो ते. पैसे न देता स्वतःच खर्च करणं हा सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे. उत्साहाने कोणी चौकात फलक लावतो, कोणी दोन गाड्या प्रचाराला देतो, कोणी आपल्या खर्चाने वर्तमानपत्रात जाहिरात देतो. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य कशावरही खर्च करणं हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम १७१ह मध्ये त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये तो दहा हजारांपर्यंत आहे. परवानगीशिवाय केलेला किरकोळ खर्च दहा दिवसांत लेखी मंजूर करून घेण्याची सवलत कायद्यात आहे, पण तिची मर्यादा आजही दहा रुपयेच आहे. दहा रुपयांत आज कसलाच प्रचार होत नाही, म्हणजे ही सवलत नाहीच असं समजून चाला.

परवानगी घेतली तर? तर तो खर्च ताईंच्या हिशेबात जातो, तुम्ही प्रत्यक्ष काय दिलेत ते दाखवून नाही, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याने ठरवलेल्या दरपत्रकानुसार. तुमची गाडी फुकट असली तरी दरपत्रकातलं दिवसाचं भाडं त्यांच्या चाळीस लाखांतून वजा होतं. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, चहा-नाश्ता, सगळ्याला दर असतो. म्हणून वस्तूरूपाने मदत करायचीच असेल तर आधी त्यांच्या हिशेबनिसाला विचारा. आणि पत्रक छापलंत तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं, पत्ते हवेतच; नसतील तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निनावी पत्रकं काढणाऱ्यांना हा नियम माहीत नसतो असं नाही, पण प्रामाणिक समर्थक त्यात विनाकारण अडकतो.

तुमचा वेळ मात्र तुमचा आहे. दारोदार जाऊन बोललात, मतदार यादी तपासून दिलीत, हिशेब लिहायला बसलात, तर त्याला कोणी दर लावत नाही. खरं सांगायचं तर नव्या उमेदवाराला नीट हिशेब लिहिणारा माणूस पन्नास हजारांच्या धनादेशापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता पक्षाकडे वळू. तुम्ही ऐकलेले दोन आकडे इथले आहेत.

पहिला, दोन हजार. २०१७ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३अ मध्ये अट घातली, की पक्षाला करमाफी हवी असेल तर दोन हजारांपेक्षा जास्त देणगी रोखीने घेता येणार नाही. धनादेश, ड्राफ्ट किंवा बँकेतून इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यावी लागेल. म्हणजे रोख देणगीची सीमा दोन हजार. दुसरा आकडा वीस हजार. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क प्रमाणे एका आर्थिक वर्षात ज्याच्याकडून वीस हजारांपेक्षा जास्त मिळाले, त्याचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम भरण्याचा मार्ग पक्षाने फॉर्म २४अ मध्ये लिहून दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यायचा. हे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. त्यामुळे पक्षाला एकवीस हजार दिलेत तर तुमचं नाव जाहीर होईल. एकोणीस हजार दिलेत तर पक्षावर ते जाहीर करण्याचं बंधन नाही.

या दोन आकड्यांच्या मधल्या फटीतून काय निसटतं ते लक्षात घ्या. दोन हजारांची अट एकेका देणगीपुरती लिहिली आहे, वर्षभराच्या बेरजेची नाही. त्यामुळे मोठी रक्कम लहान लहान पावत्यांत तोडून रोख दाखवणं शक्य राहतं, आणि देणाऱ्याचं नाव कुठेच उमटत नाही. निवडणूक आयोगाने २०२२ मध्ये कायदा मंत्रालयाला पत्र लिहून जाहीर करण्याची सीमा वीस हजारांवरून दोन हजारांवर आणावी आणि पक्षाला मिळणाऱ्या रोख देणग्यांना एकूण देणग्यांच्या वीस टक्के किंवा वीस कोटी, यांतलं जे कमी असेल तेवढी मर्यादा घालावी असं सुचवलं होतं. माझ्या मते हा बदल कमाल मर्यादेपेक्षाही आधी व्हायला हवा. कोणी किती दिले हे दिसत नसेल, तर 'किती द्यायचे' यावर घातलेली कुठलीही मर्यादा तपासता येत नाही.

तुम्हाला जर कोणी सांगितलं, की 'दहा जणांच्या नावाने पावत्या फाडू, काळजी करू नका', तर स्पष्ट नकार द्या. ज्यांच्या नावावर पावती फाटली त्यांना उद्या प्राप्तिकर खात्याची विचारणा येऊ शकते.

पक्षाला बँकेतून दिलेल्या देणगीवर तुम्हाला करात पूर्ण वजावट मिळते, कलम ८०जीजीसी प्रमाणे. रोख दिलेल्या रकमेवर मिळत नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही, हे विसरू नका. हल्ली बहुतेक पगारदार त्याच प्रणालीत आहेत. (मी इथे १९६१ च्या कायद्यातले कलम क्रमांक दिलेत. १ एप्रिल २०२६ ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. विवरणपत्र भरताना त्या वर्षाचा क्रमांक पाहून घ्या.)

या वजावटीभोवती एक घाणेरडा धंदा वाढला. फारसं काम नसलेला, फक्त नोंदणी असलेला पक्ष. त्याला तुम्ही एक लाख खात्यातून द्यायचे, तो काही टक्के कापून बाकीचे रोखीने परत करणार, आणि तुम्ही पूर्ण लाखाची वजावट मागायची. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर शोध आणि पडताळणी केली, त्यात ८०जीजीसी हा मोठा विषय होता. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने वर्षानुवर्षं निवडणूक न लढलेले ३३४ पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. म्हणून पक्षाला देण्याआधी तो आयोगाच्या चालू यादीत आहे का ते पाहा, पक्षाच्याच नावाच्या खात्यात पैसे पाठवा, आणि पक्षाचं नाव, पॅन, रक्कम, तारीख आणि भरण्याचा मार्ग लिहिलेली पावती घ्या.

पक्षाला दिलेला पैसा ताईंपर्यंत जाईल का? हे पक्षावर आहे, तुमच्या हातात नाही. आणि इथेच आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी विसंगती आहे: उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा, पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही.

हे असं कसं झालं, ते जाणून घेण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या संमतीने झाला असेल तर तो त्याच्याच मर्यादेत धरला पाहिजे. नाहीतर पैसेवाला पक्ष मर्यादा निरर्थक करून टाकेल. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि पक्षाचा, मित्रांचा, समर्थकांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर काढला गेला. पुढे जवळपास तीस वर्षं हीच स्थिती राहिली. यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्या अहमदनगरच्या खटल्यात १९९३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेच खंत व्यक्त केली, की पक्षाचा किंवा इतरांचा खर्च जाळ्याबाहेर राहत असेल तर ही मर्यादा वास्तवाला पुरी पडत नाही. २००३ च्या दुरुस्तीने समर्थकांच्या खर्चाची पळवाट बंद केली. आता मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस आणि इतर नोंदणीकृत पक्षाच्या वीस प्रमुख प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार एवढंच बाहेर राहतं. प्रमुख प्रचारकाच्या सभेत ताई व्यासपीठावर बसल्या किंवा त्यांचा फोटो लागला, की सभेचा खर्च त्यांच्या नावावर येतो. पण पक्षाने आपल्या नावाने किती कोटींच्या जाहिराती कराव्यात, याला आजही सीमा नाही. पक्षाने फक्त विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचं विवरण आयोगाला द्यायचं.

इतर देशांनी वेगळा मार्ग धरला. अमेरिकेत संघीय निवडणुकीत व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी किती द्यावं ते ठरलेलं आहे, २०२५-२६ साठी ३,५०० डॉलर. खर्चाची मर्यादा मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बकली खटल्यात रद्द केली, आणि स्वतंत्र खर्चाच्या, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता इतरांनी केलेल्या प्रचारखर्चाच्या, नावाखाली अफाट पैसा पुढे दुसऱ्या दाराने आला. ब्राझीलमध्ये व्यक्तीला आदल्या वर्षीच्या उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंत देता येतं; गरीब माणसाची सीमा छोटी, श्रीमंताची मोठी, हे मला पटत नाही. कॅनडाने कंपन्या आणि कामगार संघटनांना बाजूला ठेवून फक्त नागरिक आणि कायम रहिवासी यांना देऊ दिलं, वर्षाला साधारण पावणेदोन हजार डॉलरची सीमा घातली, आणि लहान देणगीवर करात मोठी सवलत दिली. माणसाने थोडं द्यावं पण पुष्कळांनी द्यावं, ही ती रचना मला आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटते. पण अट एकच: पक्षाच्या खर्चालाही सीमा हवी आणि नावंही दिसायला हवीत. एकटी देणगीची मर्यादा आणली तर पैसा नातेवाइकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या नावांनी वाटला जाईल.

आता तुमच्या कंपनीविषयी. व्यक्तीला जी मोकळीक आहे ती कंपनीला नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ प्रमाणे कंपनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देऊ शकते. कंपनी स्थापन होऊन तीन आर्थिक वर्षं झालेली असली पाहिजेत, संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि सरकारी कंपनीला पूर्ण मनाई आहे. २०१७ मध्ये ही साडेसात टक्क्यांची सीमा काढून टाकली होती, म्हणजे तोट्यातली कंपनीही वाट्टेल तेवढं देऊ शकत होती. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देण्याची, योजना रद्द केली आणि त्याचबरोबर ही सीमा काढणंही घटनाबाह्य ठरवलं. नियम मोडल्यास देणगीच्या पाचपटीपर्यंत कंपनीला दंड आणि दोषी अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

त्या निकालात व्यक्ती आणि कंपनी यांत केलेला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस पाठिंब्यापोटी देऊ शकतो, कंपनी मुख्यतः व्यवहार म्हणून देते, अशी न्यायालयाची मांडणी आहे. हा धोका आपल्याकडे नवा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी कंपन्यांच्या राजकीय देणग्यांमुळे लोकशाहीला असलेल्या धोक्याचा इशारा दिला होता. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये उठली. तुमच्या बाबतीत माझा सल्ला एवढाच, की कंपनी आणि तुम्ही यांची सरमिसळ करू नका. कंपनीच्या खात्यातून पैसे काढून स्वतःच्या नावाने देऊ नका. द्यायचे तर पगारातून किंवा लाभांशातून आलेले, कर भरलेले स्वतःचे पैसे द्या.

घरात कोणी सरकारी नोकरीत आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर त्या व्यक्तीच्या नावाने किंवा खात्यातून एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आणि केंद्राचे १९६४ चे नियम, दोन्हींत नियम ५ कर्मचाऱ्याला राजकीय चळवळीत भाग घ्यायला आणि तिला वर्गणी द्यायलाही मनाई करतो. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यातून धनादेश गेल्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा वेगळं खातं वापरणं सोपं.

रोख रकमेबद्दल अजून एक. आचारसंहितेच्या काळात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता असलेल्या गाडीत पन्नास हजारांपेक्षा जास्त रोख सापडली तर भरारी पथक ती जप्त करू शकतं. ताईंच्या गाडीतून तुमच्या दुकानाची रोकड बँकेत नेऊ नका, कितीही प्रामाणिक कारण असो. स्वतःच्या गाडीतून नेताना बँकेची पावती, विक्रीची वही जवळ ठेवा.

शेवटी तुमच्या भावाचं. इथे प्रश्न तो कुठे राहतो याचा नाही, त्याचं नागरिकत्व कोणतं याचा आहे. विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० चं कलम ३ उमेदवाराला, पक्षाला आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायला मनाई करतं, आणि परदेशी नागरिक हा परदेशी स्रोत आहे. भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर तो परदेशात नोकरी करत असला तरी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असूनही तो कायद्याने परदेशी स्रोतच आहे, आणि त्याचा एक डॉलरही ताईंनी घेता कामा नये. 'मग तो मला पाठवेल आणि मी पुढे देतो' हा विचार मनात आला असेल तर तो सोडा. दुसऱ्याचा पैसा आपल्या नावाने पुढे सरकवणं हीच त्या कायद्याने अडवलेली गोष्ट आहे, आणि त्यात तुमच्याबरोबर ताईही सापडतील.

भाऊ भारतीय नागरिक असेल तर त्याने त्याच्या एनआरओ किंवा एनआरई खात्यातून (अनिवासी भारतीयांसाठीची भारतातली बँक खाती) थेट ताईंच्या निवडणूक खात्यात किंवा पक्षाच्या खात्यात पाठवावं, तुमच्या खात्यातून नको. सोबत पासपोर्टची प्रत आणि 'ही रक्कम माझ्या स्वतःच्या उत्पन्नातली आहे' असं सही केलेलं पत्र द्यावं. ताईंच्या हिशेबनिसाने ते त्याच्या नोंदीसोबत फाइलला लावून ठेवावं, म्हणजे खर्च निरीक्षकाने विचारलं तर त्याच दिवशी दाखवता येईल.